अठरांच्या बाहेरचा खेळाडू

भारताच्या हॉकी संघात एका स्पर्धेला अठरा जण जातात, ऑलिंपिकला सोळाच. त्यांच्या मागे राष्ट्रीय शिबिरातले तीस-पस्तीस. आणि त्यांच्याही मागे राज्याकडून, रेल्वेकडून, बँक किंवा तेल कंपनीच्या संघाकडून वर्षानुवर्षं खेळणारी शेकडो मुलं. या शेवटच्या गटातला बावीस-तेवीस वर्षांचा एखादा मुलगा ‘सर, जर्मनीतल्या क्लबकडून विचारणा आलीय’ म्हणाला, की आपल्यातले निम्मे प्रशिक्षक सांगतात, आधी नोकरीचं बघ. उरलेले सांगतात, एकदा गेलास की निवड समिती तुला विसरली म्हणून समज. दोन्ही सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात, पण मला दोन्ही पटत नाहीत.

युरोपात जाऊन खेळणं म्हणजे पळून जाणं, ही समजूत आपल्याकडे मुरली त्याला कारणं आहेत. 2012 साली वर्ल्ड सिरीज हॉकी नावाची लीग निघाली, आपल्या पुण्याचाही संघ त्यात होता. पण ती निघाली दोन राष्ट्रीय संघटनांच्या भांडणातून. तिथे खेळलेल्यांवर दुसऱ्या संघटनेची वक्रदृष्टी झाली आणि लीग एका हंगामात आटोपली. तेव्हापासून मैदानावर एक भीती बसली आहे : वरच्यांना न विचारता कुठे गेलो तर नाव कापलं जाईल. भीती अगदीच खोटी नाही. परदेशी लीगमध्ये उतरायला आजही राष्ट्रीय संघटनेचं ना-हरकत पत्र लागतं आणि ते वेळेवर मिळणं हा स्वतंत्र खेळ आहे.

परदेशी क्लब म्हटलं की आपल्याला आठवतो धनराज पिल्ले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिकनं शिकलेला हा मुलगा लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून, फ्रान्समध्ये लिऑंकडून, जर्मनीत स्टुटगार्ट किकर्सकडून खेळला. मलेशिया आणि ढाकाही त्यानं पाहिलं. 1998 साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली एशियाडचं सुवर्ण आलं आणि पाठोपाठ त्याला आणि इतर काही जणांना संघातून वगळण्यात आलं. असं असूनही तो चार ऑलिंपिक खेळला. पण धनराजचं उदाहरण आपल्या कामाचं नाही. तो गेला तेव्हा नाव कमावलेला खेळाडू होता, क्लब त्याच्या मागे होते. आपल्यासमोर बसलेल्या मुलाचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

जवळचं उदाहरण युवराज वाल्मीकीचं. मुंबईत मरीन लाइन्सला, वीजही नसलेल्या खोलीत वाढलेला मुलगा. त्याला घडवलं मर्झबान पटेलांनी, म्हणजे मुंबईच्या हॉकीतल्या ‘बावां’नी. 2019 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, ही आपल्या वृत्तपत्रांची कमाल. 2011 साली चीनमधल्या ऑर्डोसला पहिल्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीची अंतिम लढत पाकिस्तानशी झाली. गोल कुणाचाच झाला नाही, भारत टायब्रेकरवर जिंकला आणि त्यात युवराजचा गोल होता. त्यानंतर त्याच्या घरी वीज आली. हाच युवराज जर्मनीच्या लीगमध्ये अनेक हंगाम खेळला आणि 2014 साली हेगच्या विश्वचषकात भारताकडूनही उतरला. त्याचा भाऊ देविंदर 2016 साली रिओला गेला. जर्मनीत खेळण्यानं युवराजचा भारताचा दरवाजा बंद झाला नाही, एवढं या उदाहरणावरून मुलाच्या घरच्यांना सांगता येतं.

वरच्या संघात न बसणाऱ्यानं कुठे खेळायचं, हा प्रश्न उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत कधीच सुटला आहे. तिथे एनएचएलच्या खाली एएचएल ही लीग आहे. वरच्या बत्तीस संघांना खालचे बत्तीस जोडलेले. तिथला खेळाडू पंचविशीपर्यंत वर पोचला नाही, तर सरळ स्वीडन, स्वित्झर्लंड किंवा जर्मनीतला क्लब धरतो. कुणी त्याला भगोडा म्हणत नाही, कुणी हार घालून निरोपही देत नाही. पोटापाण्याची सोय होते आणि खेळ चालू राहतो. आपल्याकडे ही दुसरी पायरी नोकरीची आहे. रेल्वे, पेट्रोलियम, आयकर, बँका यांनी भारतीय हॉकीला पन्नास वर्षं पोसलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण विभागीय संघात स्थिरावलेला मुलगा तीन-चार वर्षांत त्याच त्या स्पर्धा, तेच ते प्रतिस्पर्धी खेळून अडकतो. आमच्या सोनगीरच्या तांबटआळीत कुणालाही विचारा : तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होतो, तो पुन्हा तापवला नाही तर पुढच्या ठोक्याला चिरतो. विभागीय खेळाडूला परत तापवायची भट्टी आपल्याकडे नाही. हॉकी इंडिया लीग 2024च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली हे चांगलंच झालं. पण ती महिना-सव्वा महिन्यात उरकते आणि त्या हंगामात महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

युरोपातल्या लीगचं मोल पैशात शोधू नका. मोठी नावं सोडली तर रक्कम बेताचीच. राहायला खोली, फिरायला सायकल, विमानाचं तिकीट, वर थोडं मानधन. आणि त्या बदल्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस क्लबमधल्या लहान मुलांना शिकवायचं. क्लब सभासदांच्या वर्गणीवर चालतात, त्यामुळे बाहेरून आणलेल्या खेळाडूनं आपल्या पोरांना काही द्यावं ही अपेक्षा रास्तच. आपली मुलं इथेच अडखळतात. हातात कौशल्य असतं, पण दहा वर्षांच्या पोराला रिव्हर्स ट्रॅप कसा घ्यायचा हे सांगता येत नाही, मग भाषा कोणतीही असो. म्हणून माझी पहिली सूचना : तुमच्या सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूकडे आजच सहावी-सातवीची तुकडी सोपवा आणि बाजूला उभे राहा.

दुसरी सूचना मैदानाची. जर्मनीत हिवाळा आला की टर्फवरची लीग थांबते आणि सगळे सभागृहात शिरतात. इनडोअर हॉकीत चेंडू फटकावता येत नाही, ढकलावाच लागतो. गोलवरचा शॉट सोडला तर तो जमिनीवरून उचलताही येत नाही. बाजूच्या फळ्यांवर आपटून पास काढायचा. मैदान जेमतेम चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, म्हणजे हँडबॉलच्या कोर्टाएवढं. एवढ्याशा जागेत ढोपरं वाकवून, डोकं वर ठेवून खेळावं लागतं. या हिवाळी शिक्षणाची छाप त्यांच्या टर्फवरच्या खेळावरही दिसते. आता गंमत पाहा. सोनगीरसारख्या गावात 91.4 मीटर लांबीचं टर्फ केव्हा येईल ते येवो. पण सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट तालुक्यातल्या एखाद्या शाळेत निघतंच. दोन बाजूंना लाकडी फळ्या टाकल्या की काम झालं. 1976 साली माँट्रिअलला ऑलिंपिक हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि आपण सातवे आलो, तेव्हापासून ‘टर्फ नाही’ हे रडगाणं चालू आहे. रडगाण्यात तथ्य आहे, पण कोर्ट रिकामं ठेवायला ते पुरत नाही. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या, त्याही खेडेगावातल्याच मुली. क्रीडा प्रबोधिनीनं त्यांना उचललं खरं, पण उचलण्याजोगं काहीतरी आधी गावच्या मातीत तयार झालं होतं.

करारासंबंधी थोडक्यात. दलालाला आगाऊ रक्कम देऊ नका. पर्यटक व्हिसावर खेळायला पाठवू नका. दुखापत झाली तर उपचाराचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च कुणाचा, हे कागदावर हवं. पत्र क्लबच्या नावानं आलेलं असलं तरी त्या क्लबच्या कार्यालयात फोन करून खात्री करा. इंग्रजीचं भय वाटत असेल तर शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना शेजारी बसवा.

जायचं वयही महत्त्वाचं आहे. सतराव्या वर्षी पाठवलं तर मुलगा घरच्या भाकरीच्या आठवणीनंच अर्धा होतो. तिशीत पाठवलं तर शिकण्यासारखं काही उरत नाही. पदवी झालेली, राज्याकडून दोन-तीन राष्ट्रीय स्पर्धा खेळलेला, बाविशीतला खेळाडू हा योग्य. पण नेमक्या याच वयात विभागाची नोकरी समोर येते आणि दोन्ही एकदम धरता येत नाहीत. हा पेच प्रशिक्षकाला सुटणारा नाही, तो विभागांनीच सोडवायला हवा. खेळाडूच्या कोट्यातून भरती झालेल्याला पहिल्या पाच वर्षांत एका परदेशी हंगामापुरती बिनपगारी रजा, सेवाज्येष्ठता न तोडता. विभागाला यात एक पैसाही खर्च नाही, आणि परत आलेला खेळाडू त्यांच्याच संघाकडून खेळणार आहे. विभागीय क्रीडा मंडळांवर आपले बरेच वाचक बसतात. त्यांनी हा ठराव पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालावा, आणि तो फेटाळला गेला तर कारणासकट आम्हाला कळवावं, आम्ही छापू.