दार सर्वांना, आसन कोणाला?

सूफी म्हटले की आपल्यापुढे दर्गा, चादर आणि कव्वाली येते. परंतु युरोप-अमेरिकेत आपला ख्रिस्ती किंवा ज्यू धर्म न सोडता सूफी म्हणवून घेणारेही लोक आहेत. ही वाट तिकडे नेली ती बडोद्याच्या एका वीणावादकाने. त्यांचे नाव हजरत इनायत खान.

त्यांचा जन्म १८८२ चा. आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा काढली होती. इनायत खान यांनी हैदराबादेत चिश्ती परंपरेचे अबू हाशिम मदनी यांना गुरू केले आणि १९१० साली ते अमेरिकेला गेले. गाणेबजावणे करून पोट भरायचे आणि सोबत शिकवण द्यायची, असा त्यांचा क्रम होता. सत्य एकाच धर्माच्या मालकीचे नाही, म्हणून शिष्याने धर्म बदलण्याची गरज नाही, असे ते सांगत.

१९२१ साली त्यांनी लंडनमध्ये सर्व धर्मांची एकत्र उपासना सुरू केली. हिंदू, बौद्ध, पारशी, ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवायचे व प्रत्येक धर्मासाठी एक मेणबत्ती लावायची. त्यात तथागतांचीही ज्योत आली. त्यांची मुलगी नूर हिने तर १९३९ साली जातककथांचे इंग्रजी पुस्तक काढले. पुढे महायुद्धात ती इंग्रजांसाठी फ्रान्समधून गुप्त बिनतारी संदेश पाठवीत होती. १९४४ साली नाझींनी तिला दाखाऊच्या छळछावणीत ठार मारले.

आम्हाला विशेष वाटते ते दुसरेच. बहुतेक चर्चमध्ये स्त्रीला पुरोहितपण मिळत नव्हते, त्या काळात ही उपासना स्त्रियाही चालवीत. इनायत खान यांनी चार स्त्रियांना मुर्शिदा, म्हणजे गुरुपद, दिले. त्यांपैकी राबिया मार्टिन या ज्यू घरातल्या बाई. त्या त्यांच्या अमेरिकेतल्या पहिल्या शिष्या होत.

परंतु १९२७ साली दिल्लीत इनायत खान वारले आणि खरी परीक्षा आली. राबियाबाईंनी वारसपदावर हक्क सांगितला. युरोपातल्या मंडळींनी तो मानला नाही. आधी भाऊ मेहबूब खान, मग चुलतभाऊ महंमद अली खान, नंतर धाकटा भाऊ मुशर्रफ खान, अशी १९६७ पर्यंत चाळीस वर्षे त्या चळवळीची सूत्रे घरातल्या पुरुषांकडेच राहिली. कारणे कोणतीही सांगोत, दार सर्वांना उघडले तरी मुख्य आसन घरातच राहिले.

यावरून इनायत खान यांचे काम खोटे ठरत नाही. स्त्रीला गुरू मानण्याचे धाडस त्यांनी केले, ते मागे राहिलेल्यांना पेलले नाही, एवढेच आम्ही म्हणतो. आपल्या वस्तीतल्या विहारातही माताभगिनी झाडलोट करतात, मेणबत्ती लावतात, वर्गणी गोळा करतात. कमिटीच्या अध्यक्षपदी त्यांच्यापैकी किती जणी बसल्या, हे प्रत्येकाने येत्या सभेत मोजून पाहावे.