गाईडची सही आणि आपली फाईल

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने सहा महिन्यांत काय केले, हे विद्यापीठाच्या दप्तरी दोनच शब्दांत उरते: 'प्रगती समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक'. खाली गाईडची सही. वाचलेली पुस्तके, घेतलेल्या मुलाखती, फसलेला आराखडा, चार वेळा नव्याने लिहिलेले प्रकरण, यातले काहीच तिथे दिसत नाही. या सगळ्याची तारीखवार फाईल, म्हणजेच पोर्टफोलिओ, ठेवली जावी आणि मूल्यमापन तिच्यावरच व्हावे, अशी आमची मागणी आहे.

युजीसीच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावे लागते, अहवाल द्यावा लागतो. पण त्या समितीचा निमंत्रक कोण? गाईडच! प्रगती असमाधानकारक ठरली तर समितीने कारणे नोंदवायची आणि सुधारणा सुचवायच्या. त्या झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही होऊ शकते. कारणे त्यांची, इतिवृत्त त्यांचे. मग आपल्या हातात काय? सुखदेव थोरात समितीपुढे दिल्लीच्या एम्समधील आपल्या विद्यार्थ्यांनी तोंडी परीक्षांतल्या भेदभावाबद्दल सांगितले होते. जिथे कागद नसतो तिथे जात बोलते.

बाबासाहेबांचेच पाहा. त्यांनी लंडनला डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो दुरुस्त करायला सांगितला. 1923 मध्ये ते मुंबईत परतले. तेव्हा बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत होते. इथूनच त्यांनी ऑगस्टमध्ये दुरुस्त प्रबंध पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. मार्च 1923 मध्ये एखाद्या कारकुनाने शेरा मारला असता तर काय लिहिले असते? 'असमाधानकारक'! मधल्या महिन्यांची मेहनत त्या शेऱ्यात कुठून दिसणार?

काही मित्र म्हणतात, हा आणखी एक कारकुनी बोजा. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत वाढलेल्या, संध्याकाळी क्लास घेऊन घर चालवणाऱ्या पोरीला हे म्हणणे पटेलही. पण तिची मेहनतच सर्वांत जास्त अदृश्य आहे. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली मुले आझाद मैदानात बसली. पैसा आला नाही त्या महिन्यांत फील्डवर्क का थांबले, हेही फाईलमध्ये आलेच पाहिजे. तो आळस नव्हता.

धोका वेगळाच आहे. फाईल विद्यापीठाच्या संगणकात आणि किल्ली गाईडकडे असेल, तर ती पाळत ठरेल. म्हणून मूळ प्रत विद्यार्थ्याकडेच हवी. गाईडचे शेरे लेखी हवेत, तारखेसह. तोंडी सूचना मिळाली तर त्याच संध्याकाळी ई-मेल करा: 'आज आपण असे सांगितलेत, मी असे समजलो.' साधी गोष्ट आहे, पण पुढे हीच कामाला येते.

विद्यापीठे ही पद्धत कधी आणतील याची वाट पाहू नका. येत्या सादरीकरणाला फाईल घेऊन जा आणि 'समितीने फाईल पाहिली' हे वाक्य इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका.

जयभीम.