विश्लेषण : लिनक्स टाकूनही जुना लॅपटॉप का अडतो? ग्राफिक्स ड्रायव्हरचा गुंता काय?

‘विंडोज १०’चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुना लॅपटॉप भंगारात काढण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला योग्य आहे. मात्र लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याचे आयुष्य केवळ लिनक्सवर अवलंबून राहत नाही. कार्ड चालवणारा ड्रायव्हर किती वर्षे मिळणार, हे कंपनी ठरवते.

नेमके काय घडले?

मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा असेल, असे एनव्हिडियाने २०२५ मध्ये जाहीर केले. त्यापुढच्या ५९० या आवृत्तीतून ही कार्डे वगळली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च लिनक्सने ५९० स्वीकारली, तेव्हा जुन्या कार्डांच्या वापरकर्त्यांना आगाऊ इशारा द्यावा लागला. नेहमीसारखे अपडेट केल्यास संगणक सुरू होईल, पण पडद्यावर डेस्कटॉप दिसणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

ही कार्डे फार जुनी नाहीत. जीटीएक्स १०५० लॅपटॉपमध्ये २०१७ मध्ये आले. २०२० मध्ये आलेली एमएक्स ३३० आणि एमएक्स ३५० ही कार्डेही पास्कल पिढीचीच. म्हणजे करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेले काही लॅपटॉपही या यादीत येतात.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्राचा भाग यांच्यातील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच असतात. इंटेल आणि एएमडी यांच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर खुले असून कर्नेलसोबतच येतात. त्यामुळे लिनक्स टाकले की ते सहसा आपोआप चालतात.

एनव्हिडियाचा मूळ ड्रायव्हर मात्र बाहेरून जोडावा लागतो. कर्नेल बदलला की तो नव्याने जुळवावा लागतो. ही जुळवणी फसली की काळा पडदा येतो. ‘सिक्युअर बूट’ सुरू असेल तर आणखी एक अडथळा येतो. सही नसलेला ड्रायव्हर सिस्टीम आत घेतच नाही.

लॅपटॉपमध्येच अडचण जास्त का?

अशा लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात. साध्या कामासाठी प्रोसेसरमधले आणि जड कामासाठी एनव्हिडियाचे. बॅटरी वाचवण्यासाठी दोघांमध्ये अदलाबदल करणारे ‘ऑप्टिमस’ तंत्र एनव्हिडियाने २०१० मध्ये आणले, पण ते विंडोजसाठी. लिनक्सवर त्याची नीट सोय व्हायला जवळपास दशक गेले. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात २०१२ मध्ये एका श्रोत्या महिलेने याच अडचणीबद्दल विचारले, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियावर जाहीरपणे आगपाखड केली होती.

स्वयंसेवकांचा ड्रायव्हर का पुरत नाही?

एनव्हिडिया कार्डांसाठी स्वयंसेवकांनी ‘नूवो’ हा खुला ड्रायव्हर तयार केला आहे. पडदा दाखवण्याचे काम तो करतो. पण पास्कल कार्डाचा वेग वाढवण्यासाठी एनव्हिडियाची सही असलेले फर्मवेअर लागते आणि त्यासाठी आवश्यक भाग नूवोला कधी मिळाला नाही. परिणामी कार्ड सुरू होतानाच्या कमी वेगावरच अडकते.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला. पण तो ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठीच आहे. ट्युरिंग कार्डे २०१८ मध्ये आली. त्यांच्यात असलेला एक वेगळा नियंत्रक प्रोसेसर पास्कलमध्ये नाही. त्यामुळे खुलेपणाचा लाभ नेमका जुन्या कार्डांना मिळत नाही.

कंपनीचे लक्ष कुठे आहे?

एनव्हिडिया लिनक्सकडे दुर्लक्ष करते, असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वात वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच चालतात. पुण्यात सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक एनव्हिडियाच्या ए१०० कार्डांवर उभा आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. कृत्रिम बुद्धिमत्तेची जगभरातील केंद्रेही प्रामुख्याने लिनक्सवरच चालतात. मात्र हे ग्राहक नवी कार्डे घेत राहतात. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपच्या मालकाकडून कंपनीला नवा पैसा येत नाही. त्याच्यासाठी ड्रायव्हर जपणे हा तिच्या दृष्टीने निव्वळ खर्च ठरतो.

नांदगाव पेठमधील ग्राहकाला याचा अर्थ काय?

अमरावती-नागपूर महामार्गावरील नांदगाव पेठ येथे औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. अशा गावातील छोटे कार्यालय किंवा अमरावतीत अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी जुना वा सेकंडहँड लॅपटॉप घेतो, तेव्हा तो दोन्हीकडून अडकू शकतो. समजा, लॅपटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि जीटीएक्स १०५० आहे. विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून मालक लिनक्सकडे वळतो आणि तिथे ड्रायव्हर थांबलेला असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास करणाऱ्यांना आणखी एक फटका आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ नेही या तीन पिढ्या वगळल्या.

उपाय काय?

लॅपटॉप लगेच निकामी होत नाही. सतत नवे कर्नेल देणाऱ्या आर्चसारख्या प्रणालीपेक्षा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती किंवा लिनक्स मिंट अशा लॅपटॉपसाठी अधिक सोयीची. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत आधार आहे. ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवण्यापेक्षा उबुंटूतील ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ५८० शाखेचा निवडावा. म्हणजे कर्नेल बदलल्यावर जुळवणी आपोआप होते.

सिक्युअर बूट सुरू असल्यास ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला जातो. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यावा. घाईत हा पडदा ओलांडला, तर ड्रायव्हर असूनही चालत नाही. टायपिंग, इंटरनेट, व्हिडिओ एवढेच काम असेल, तर प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरेसे आहे. मात्र काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जोडणी एनव्हिडियाच्या कार्डाला असते. तिथे ड्रायव्हरशिवाय प्रोजेक्टर चालत नाही. सेकंडहँड लॅपटॉप घेण्यापूर्वी कार्डाचे नाव पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. केवळ इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्स असेल, तर ही कटकट बहुतांशी टळते.

पुढे काय?

५८० शाखेच्या दुरुस्त्याही कधीतरी थांबतील. त्यानंतर नव्या कर्नेलशी ती जुळवण्याची जबाबदारी कोणाचीच नसेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. २०२५ मध्ये केंद्राच्या समितीने उपकरणे किती दुरुस्तीयोग्य आहेत, याचा निर्देशांक सुचवला. त्यात सॉफ्टवेअर अपडेटचाही विचार आहे, पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून होणार आहे. लॅपटॉपची बॅटरी आणि पडदा बाजारात मिळतो, ड्रायव्हर मिळत नाही. आधार थांबवताना कंपनीने किमान जुन्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करावी का, हा प्रश्न या चर्चेत यायला हवा. तोवर चालता लॅपटॉप भंगारात जाण्याची तारीख त्याच्या मालकाच्या हाती नसेल.