‘गेला आहे’ आणि ‘गेला होता’

ज्या घरीं इंग्रजी शिकणारीं मुलें आहेत, तेथील वडीलधाऱ्यांस पुढील वाक्य परिचयाचें असेल: ‘आय हॅड गॉन टु नाशिक यस्टर्डे.’ शिक्षक ‘हॅड गॉन’वर तांबडी रेघ ओढतात, वर ‘वेंट’ लिहितात आणि पुढें जातात. मूल तेवढें सुधारून घेतें व आठ दिवसांनीं पुन्हां तेंच लिहितें. याला मुलाचा निष्काळजीपणा म्हणूं नये. मातृभाषेनें शिकविलेला एक सूक्ष्म विवेक तें प्रामाणिकपणें पाळीत असतें.

‘दादा नाशिकला गेला आहे’ असें म्हटलें कीं तो अद्यापि तेथेंच आहे, असें आपण समजतों. ‘गेला होता’ म्हटलें कीं तो परतला, हें निराळें सांगावें लागत नाहीं. क्रियेचें फळ उरलें आहे कीं सरलें, हें मराठी येथें ‘आहे’ आणि ‘होता’ यांवरून दाखविते. इंग्रजींत हें काम ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ ही जोडी करते. ‘ही हॅज गॉन टु नाशिक’ म्हणजे गेला आहे. ‘ही हॅज बीन टु नाशिक’ म्हणजे जाऊन आला आहे. मात्र ‘काल’ हा शब्द वाक्यांत आला कीं दोन्ही वर्ज्य. तेथें साधें ‘वेंट’च हवें.

मग ‘हॅड’चें प्रयोजन काय? भूतकाळांतील एका गोष्टीच्याहि आधींची गोष्ट दाखविणें. ‘व्हेन द डॉक्टर केम, द फीव्हर हॅड गॉन’ म्हणजे डॉक्टर येण्यापूर्वींच ताप गेलेला होता. याच वाक्यांत ‘द फीव्हर वेंट’ म्हणा, कीं डॉक्टर आले आणि ताप गेला असा अर्थ होऊन सारें यश वैद्याच्या पदरीं पडतें! म्हणूनच नुसतें ‘आय हॅड गॉन’ ऐकणारा इंग्रज ‘बरें, मग पुढें काय झालें?’ अशा मुद्रेनें पाहत राहतो.

प्रत्येक भाषा गतकाळास आपापला प्रश्न विचारीत असते. पाणिनीनें भूतकाळास तीन लकार दिले: सामान्य भूतास लुङ्, आजच्या पूर्वीं घडलेल्यास लङ्, आणि त्यांतहि वक्त्यानें प्रत्यक्ष न पाहिलेल्यास लिट्. इंग्रजीचा प्रश्न निराळा आहे: या गोष्टीचा आजच्या क्षणाशीं धागा आहे कीं तुटला? लोकमान्य टिळक १९१८ सालीं विलायतेस गेले. ‘टिळक हॅज व्हिजिटेड इंग्लंड’ हें वाक्य १९१९ सालीं शोभलें असतें. १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचें देहावसान झाल्यावर ‘टिळक व्हिजिटेड इंग्लंड’ असेंच म्हणावें लागतें. एका ‘हॅज’वरून मनुष्य हयात आहे कीं नाहीं, हें ऐकणारा ताडतो.

हा केवळ परीक्षेच्या गुणांचा प्रश्न नव्हे. घरांतील वृद्ध आजारी असतां परदेशीं असलेल्या मुलास किंवा मराठी न जाणणाऱ्या डॉक्टरांस इंग्रजींत मजकूर धाडावा लागतो. ‘ही वॉज इल फॉर थ्री डेज’ असें लिहिलें, तर वाचणारा समजेल कीं दुखणें संपलें, आतां चिंता नाहीं. दुखणें चालू असेल तर ‘ही हॅज बीन इल फॉर थ्री डेज’ असें हवें. मराठींत आपण ‘तीन दिवसांपासून आजारी आहेत’ म्हणतों, म्हणून हातून ‘ही इज इल सिन्स थ्री डेज’ असें उतरतें. अर्थ कळतो, परंतु वाक्य अशुद्धच. आपलें ‘पासून’ सोमवारासहि लागतें आणि तीन दिवसांसहि. इंग्रजींत आरंभ सांगण्यास ‘सिन्स मंडे’, अवधि सांगण्यास ‘फॉर थ्री डेज’.

यास्तव पालकांस एकच विनंति. मुलाचें वाक्य नुसतें खोडूं नका. आधीं तें त्याच्याकडून मराठींत म्हणवून घ्या व दोन प्रश्न विचारा: केव्हां घडलें हें सांगितलें आहे काय? आणि तें अजून चालू आहे काय? आपल्या ‘होता’चें मर्म ज्या मुलास उमगलें, त्यास ‘हॅड’ कोठें नको हें फारसें सांगावें लागत नाहीं.