दारू सोडू पाहणाऱ्या बाईला घर कुठे?

गेल्या महिन्यात या सदराच्या नावाने एक पाकीट आले. आत वहीच्या कागदावर लिहिलेले दोन पानी पत्र, खाली नाव नाही, गाव नाही. ‘डॉक्टरसाहेब, माझी धाकटी बहीण रोज दारू घेते. वय एकोणचाळीस. मुलगी सहावीत आहे. घरातल्या तिघांखेरीज कोणाला माहीत नाही आणि कळूही द्यायचे नाही. उत्तर सदरातूनच द्यावे.’ पुढे त्यांनी विचारले आहे, की बायकांना ठेवून घेणारे केंद्र असते का? आणि असले, तर मुलीला कोण सांभाळणार?

या दुसऱ्या प्रश्नाने मला बराच वेळ खिळवून ठेवले. नवरा केंद्रात दाखल झाला, तर मुले कोणी सांभाळायची, हे आजवर मला एकाही पत्रात कोणी विचारलेले नाही.

आपल्याकडे दारू आणि बाई म्हटले, की मार खाणारी बायको डोळ्यांसमोर येते किंवा दुकान बंद करायला निघालेला महिलांचा मोर्चा. ‘आडवी बाटली’ करून गावचे दुकान उठवणाऱ्या बायकांचे कौतुक आम्हीही या पानावर केले आहे. पण बाई स्वतःच रुग्ण असू शकते, हे आपल्या चित्रात बसत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारू घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के निघाले. आकडा लहान दिसतो खरा, पण देशाची लोकसंख्या ध्यानात घ्या. आणि दारात आलेल्या परक्या माणसाला ‘होय, मी घेते’ असे सांगणारी बाई किती असेल, याचाही अंदाज करा.

मी स्वतः चुकलो आहे, तेही सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई कावीळ घेऊन माझ्याकडे आल्या. चांगल्या घरातल्या, डोक्यावर पदर. तोवर झाडपाल्याचे औषध दोनदा घेऊन झाले होते. मी पाण्याची चौकशी केली, बाहेरच्या खाण्याची केली, पण दारूचे विचारले नाही. पुरुष असता तर पहिला प्रश्न तोच केला असता. पोटात पाणी भरले, तेव्हा उलगडा झाला. पण फार उशीर झाला होता.

उशीर बायकांना परवडत नाही, त्याला शरीरशास्त्रात कारण आहे. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी आणि जठरात दारूचे विघटन करणारे द्रव्यही कमी. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पुरुषाइतकी दारू घेतली, तरी तिच्या रक्तात ती अधिक चढते. यकृत कमी वर्षांत आणि कमी दारूत बिघडते. मात्र लाजेमुळे उपचाराला ती येते सर्वांत शेवटी.

बायकांसाठी वेगळे घर ही कल्पना आजची नाही. इंग्लंडच्या सरे परगण्यात, रायगेट गावाजवळ डक्सहर्स्ट येथे १८९५ साली असे एक घर उभे राहिले. घर कसले, छोटे गावच. ते वसवणारी लेडी हेन्री सॉमरसेट ही उमरावाची मुलगी. तिची आई व्हर्जिनिया मूळची कलकत्त्यात जन्मलेली. आजोबा जेम्स पॅटल कंपनी सरकारच्या नोकरीत होते आणि १८४५ साली कलकत्त्यातच वारले. त्यांचे शव रमच्या पिंपात घालून विलायतेला धाडले आणि ते पिंप वाटेतच फुटले, अशी आख्यायिका त्या घराण्यात सांगत. खरेखोटे देव जाणे.

लेडी हेन्रीचा संसार टिकला नाही. १८७८ साली मुलाचा ताबा मिळवण्यासाठी ती कोर्टात गेली. मुलगा मिळाला, पण नवऱ्याची लक्तरे चारचौघांत मांडली म्हणून उच्चभ्रू समाजाने तिलाच वाळीत टाकले. पुढे एका जवळच्या मैत्रिणीने दारूच्या अमलाखाली जीव दिला आणि तिने दारू वर्ज्य केली. १८९० साली ती ब्रिटिश महिला मद्यनिषेध संघाची अध्यक्ष झाली. संघाचे काम भाषणांचे आणि शपथांचे. शपथ मोडणाऱ्या बाईचे काय करायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. पैसेवाल्यांसाठी १८७९ च्या कायद्याखाली निवासी केंद्रे होती. दंडाधिकाऱ्यासमोर सही करायची आणि खर्च आपला आपण करायचा. गरीब बाईला तुरुंग. काही दिवसांची शिक्षा, सुटका, पुन्हा गुत्ता, पुन्हा पोलीस.

डक्सहर्स्टला कुंपणाऐवजी हिरवळ होती आणि तिच्याभोवती छोटी छोटी कौटुंबिक घरे. एका घरात मोजक्याच बायका. बागकाम, कोंबड्या, विणकाम अशी दिवसभर हाताला कामे. वर्षभर राहावे, असा आग्रह असे. महिन्या-दोन महिन्यांत हा आजार हटत नाही, हे तिने तेव्हाच ओळखले होते. आणि मुलांसाठी तिथेच वेगळे घर. आई वर्षभर बाहेर राहायची तर मूल कुठे जाईल, हा आमच्या पत्रलेखकांचा प्रश्न तिला सव्वाशे वर्षांपूर्वी पडला होता.

सगळे गोड होते असे नाही. सधन बायका वेगळ्या मोठ्या वाड्यात आणि कामकरी बायका छोट्या घरांत, हा भेद तिथेही होता. प्रार्थनेवर भिस्त मोठी, आजच्या अर्थाने औषधोपचार थोडा. जेन केकब्रेड नावाची बाई लंडनच्या पोलीस कोर्टात पावणेतीनशेहून अधिक वेळा उभी राहिली होती. तिला सुरुवातीलाच डक्सहर्स्टला नेले. काही महिन्यांत तिच्यापुढे सर्वांनी हात टेकले. ती मनोरुग्ण असल्याचे ठरले आणि १८९८ साली वेड्यांच्या इस्पितळातच ती वारली. वर्तमानपत्रांनी संस्थेची टर उडवली. मला यात संस्थेच्या अपयशापेक्षा निदानाची चूक अधिक दिसते. दारूच्या आड नैराश्य किंवा दुसरा मनोविकार लपलेला असू शकतो आणि तो शोधल्याशिवाय नुसती बाटली काढून घेऊन भागत नाही. लेडी हेन्री १९२१ साली गेली. ते गाव आज उरलेले नाही.

आता आपल्याकडे पाहा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी त्यामागे होती. तिथे बायका येत, त्या रुग्णांच्या पत्नी म्हणून. स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग २००९ साली निघाला, म्हणजे तेवीस वर्षांनी. मुक्तांगणला दोष देण्याचा हेतू नाही. त्यांनी निदान काढला तरी. माझी तक्रार बाकीच्यांशी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे पुरुषांचा हॉल, पुरुष कर्मचारी आणि दाराला कुलूप, असेच बहुधा असते. तिथे बाईला कोण ठेवील? निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्त्रियांसाठी चार खाटा, एक समुपदेशिका आणि सोबत मुलासाठी जागा, एवढे झालेच पाहिजे. इमारतींच्या उद्घाटनांवर होणारा खर्च पाहता ही मागणी फार मोठी नाही.

पत्रलेखक बंधूंसाठी थोडे. बहिणीची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. रोज घेणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की हात कापतात, घाम फुटतो, आकडी येऊ शकते, भ्रम होतो. क्वचित जीवही जातो. पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. चहातून किंवा भाजीतून गुपचूप द्यायच्या गोळ्या कोणी सुचवील. मुळीच देऊ नका. त्या गोळ्यांवर नकळत दारू प्यायली गेली, तर रक्तदाब एकदम उतरून अनर्थ होतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही. माझ्याकडे यायचे असेल, तर दुपारी तीननंतर या. त्या वेळी दवाखान्यात गर्दी नसते. तिला फसवून आणू नका, सांगून आणा. मुलगी बरोबर आली तरी चालेल, बाहेरच्या बाकावर तिच्यासाठी गोष्टींची पुस्तके ठेवतो.