ही गाडी नातवाची नाही

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. घर भरलेलं होतं. फराळ आटोपला आणि सगळी मंडळी नेहमीप्रमाणे मधल्या खोलीत आली. तिथे सहा फूट बाय तीन फुटांचं एक टेबल आहे आणि त्यावर माझी रेल्वे आहे. एक पाहुणे वाकून बघत म्हणाले, "वा! नातवाची चैन आहे बुवा!" मी म्हटलं, "नातवाला क्रिकेटशिवाय काही सुचत नाही. ही माझी आहे." ते मोठ्याने हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं!

जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात निदान कानातलं तरी झालं असतं." आणि रात्री सगळे गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "आई, हे टेबल माळ्यावर टाकून इथे दिवाण ठेवला तर? आलं-गेलं कोणी झोपायला बरं पडेल."

त्या वेळी मी काही बोलले नाही. पस्तीस वर्षं वर्गात बोलून झाल्यावर घरात गप्प बसायची सवय लागते. पण मनात राहिलं ते राहिलंच. तेव्हा मंडळी, आज इथे बोलते. तुमच्यापैकी निम्मे नातेवाईकच आहात, त्यामुळे निरोप पोचेलच.

आधी हे काय आहे ते सांगते. ही बार्शी लाइट रेल्वे आहे. कुर्डुवाडी ते बार्शी ही तिची पहिली वाट १८९७ मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली. दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. पुढे ती एकीकडे लातूरला आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेला गेली. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून मी तिने पंढरपूरला गेले आहे. डोळ्यांत कोळशाची कणी जायची आणि आजी पदराचं टोक ओलं करून ती काढायची. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. ती छोटी गाडी गेली, ती गेलीच. माझ्या टेबलावर मात्र ती कुर्डुवाडीहून निघते आणि मोडनिंबला थांबून पंढरपूरला जाते.

छोट्या रेल्वेच्या जगात १:८७ हे प्रमाण बरंच रूढ आहे. खऱ्या ८७ सेंटिमीटरचा इथे एक सेंटिमीटर. ७६२ ला ८७ ने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, ते आणखी लहान, १:१६० प्रमाणाच्या गाड्यांसाठी असतात. म्हणजे रूळ आणि इंजिनाचा सांगाडा त्या प्रमाणातला घ्यायचा आणि वरचं इंजिन, डबे, स्टेशन, माणसं १:८७ ची करायची. हे गणित ज्या दिवशी माझं मला सुटलं, त्या दिवशी मी एकटीनेच शिरा करून खाल्ला!

साडेपाच फुटांचा वारकरी इथे १९ मिलिमीटरचा होतो. तीस फुटी कडुनिंब साडेदहा सेंटिमीटरचा. जोंधळ्याचं शेत जुन्या केरसुणीच्या काड्यांचं आहे, गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी या प्रमाणात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर सरकते, म्हणजे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला जायला तिला १९ सेकंद लागतात. पाहुण्यांच्या मुलांना ती भर्रकन पळवायची असते. मी पळवू देत नाही. बार्शी लाइट कधी पळालेली नाही.

आता आक्षेपांकडे येते.

पहिला आक्षेप, हा पोरखेळ आहे. बरं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांनी छोट्या रेल्वेचा क्लब काढला. टेबलाखाली वायरी आणि रिले जोडता जोडता त्यातली काही मुलं पुढे संगणकाकडे वळली, आणि 'हॅकर' हा शब्द संगणकाच्या जगात आला तो याच मुलांच्या बोलीतून. ज्या कॉम्प्युटरवर तुम्ही नोकऱ्या केल्यात, त्याच्या इतिहासात या पोरखेळाचं एक पान आहे.

मी काही एमआयटीची नाही. मी मराठी घेऊन बीए झालेली बाई. पंढरपूरच्या टोकाला गाडी वळून परत यावी म्हणून मी रुळांचं एक वेटोळं केलं. वीज चालू केली आणि सगळंच ठप्प! दोन दिवस डोकं चालेना. मग परीक्षेचे पेपर तपासायची सवय कामी आली. एक रूळ लाल पेन्सिलीने काढला, दुसरा निळ्या. वेटोळ्यातून फिरून आला तर लाल रूळ येऊन निळ्यालाच भेटला. याच दोन रुळांतून १२ व्होल्टची वीज जाते, मग शॉर्ट होणार नाही तर काय! वेटोळ्याच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापले, आतल्या भागाला वेगळ्या वायरी दिल्या आणि मुख्य मार्गाची वीज उलटवायला एक बटण बसवलं. गाडी वेटोळ्यात असताना ते दाबायचं. गाडी निमूट परत आली. माझ्या आयुष्यात मी इतकं सरळ उत्तर फार कमी वेळा मिळवलं आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. इंजिनाच्या सांगाड्याला महिन्याच्या पेन्शनीचा तिसरा हिस्सा गेला, हे खरं आहे. महाग आहे, कबूल. बाकीचं टेबल प्लायवूड, पुठ्ठा, फेविकॉल आणि रद्दीचं आहे. पण जाऊबाई, कानातलं घेतलं असतं तर ते लॉकरमध्ये गेलं असतं आणि वर्षातून दोनदा बाहेर आलं असतं. माझ्या पेन्शनीचं काय करावं हे मला विचारायच्या आधी, भाऊजींच्या नव्या मोटारीबद्दल हाच प्रश्न कोणी विचारला होता का?

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच खरा आहे. या वयात बाईमाणसाने लोकर विणावी, लोणची घालावी, भजनी मंडळात जावं. आजोबांनी रेल्वे मांडली असती तर ते 'छांदिष्ट' ठरले असते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं, तिथे आपण सगळे कौतुकाने जाऊन आलो. कोणी त्यांना नातवाबद्दल विचारलं नाही. आजी तेच करते तेव्हा मात्र ती नातवासाठी तरी असते, नाही तर तिचं काहीतरी बिनसलेलं असतं.

यात गंमत अशी की या छंदाच्या मुळाशीच एक बाई आहे. जर्मनीतली मेर्कलिन कंपनी १८५९ मध्ये सुरू झाली ती बाहुल्यांच्या घरातली पत्र्याची भांडीकुंडी करायला. म्हणजे भातुकलीच! मालकाची बायको कॅरोलिन गावोगावी फिरून ती विकायची. १८६६ मध्ये नवरा वारल्यावर मुलं हाताशी येईपर्यंत तिने धंदा जगवला. पुढे १८९१ मध्ये त्याच कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवरची खेळण्यातली रेल्वे मांडली. आणि खऱ्या गाडीचं म्हणाल, तर साताऱ्याच्या सुरेखा यादव २०११ मध्ये दख्खनची राणी घेऊन घाट उतरल्या आणि २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या, याच कुर्डुवाडीवरून. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. मोठी गाडी बाईला चालते आणि १:८७ ची चालत नाही, हा काय न्याय?

इतकं तावातावाने लिहिलं, पण एक गोष्ट टोचते आहे, तीही सांगते. हा आक्षेप मी स्वतःही घेतलेला आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना विजेचं काम अशी वाटणी असायची. नववीतली एक मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, मला बल्बच्या जोडणीला बसायचंय." मी मान वर न करता म्हटलं, "तू शिवणाला जा." ती गेली. नियम माझा नव्हता, पण ते शब्द माझे होते. सत्तरीत पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात धरताना बोट भाजलं, तेव्हा मला ती मुलगी आठवली. जे मी चाळिशीत तिला नाकारलं, ते करायला मी स्वतः सत्तरी गाठली. ती आज कुठे आहे, मला माहीत नाही.

म्हणून हे टेबल माझ्यापुरतं नाही. आपल्या घरातल्या मुलींनी ते बघावं, सांधा कसा बदलतो ते खाली वाकून पाहावं, आणि "हे आजीने केलंय" हे त्यांना नवल वाटू नये, एवढंच मला हवंय. भाचीची मुलगी परवा येऊन गेली. तिने मोडनिंबचा सिग्नल मोडला आणि दुपारभर बसून जोडलाही. थोडा वाकडा बसलाय. मी तसाच ठेवलाय.

असो. चिरंजीव, दिवाण हवा तर बाहेरच्या खोलीत टाका, टेबल हलणार नाही. आणि पुढच्या भाऊबीजेला येणाऱ्या सर्वांना विनंती : मिठाई आणू नका, मला डॉक्टरांनी बंद केली आहे. बारा मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा असला तर आणा. लातूरचा फाटा अजून बाकी आहे.