पालथे निजवण्याआधी

पाठीच्या कण्याला बाक असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया ठरली, की घरची माणसे विचारतात: सर्जन कोण, खर्च किती, मूल नीट चालेल ना? नाशिकला पेठ-सुरगाण्याहून आलेले आईबाप असोत की कॉलेज रोडवरचे, प्रश्न हेच. मुलाला टेबलावर निजवणार कसे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते तेही विचारायला हवे.

ही शस्त्रक्रिया बहुधा मुलाला पालथे निजवून होते आणि तासन्‌तास चालते. झोपेत आपण कूस बदलतो. भुलीतल्या मुलाला तेही जमत नाही. पोट दाबले गेले तर कण्याभोवतीच्या शिरांत रक्त तुंबून रक्तस्राव वाढतो. म्हणून छाती आणि कंबर गाद्यांवर टेकवून पोट मोकळे ठेवतात. डोळ्यांवर भार आला तर दृष्टी धोक्यात येते, हात फार ताणले तर खांद्याच्या नसा दुखावतात.

छातीला खळगा असेल तर काळजी आणखी वाढते. कण्याचा बाक आणि असा खळगा काही मुलांत, विशेषतः मारफान सिंड्रोममध्ये, जोडीने आढळतात. आत गेलेले हाड आणि कणा यांच्यामध्ये हृदयाला जागा आधीच कमी. छातीच्या मध्यावर भार पडला, की हृदय दाबले जाऊन रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. गाद्या सरकवून भागले नाही, तर मुलाला तत्काळ उताणे करावे लागते. त्यासाठी रिकामी खाट हाताशी हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची तपासयादी दिली. मूळ विदर्भातल्या कुटुंबातले डॉ. अतुल गावंडे त्या कामाचे प्रमुख होते. रुग्ण कसा निजवायचा, हा प्रश्न तीत नाही. पण स्थानिक गरजेप्रमाणे भर घालण्याची मुभा आहे. आपल्या रुग्णालयांनी ही एक ओळ वाढवावी. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे. त्याने यात पुढाकार घेतला तर शोभून दिसेल.

आईबापांनी डॉक्टरांना शिकवायचे का? मुळीच नाही. पण भूलतज्ज्ञाला जे ठाऊक हवे, ते बरेचदा घरालाच ठाऊक असते. पालथे झोपल्यावर मुलाला धाप लागते का? जिन्यावर ते मध्येच थांबते का? सोयरिकीच्या धास्तीने मुलीच्या छातीचा खळगा ओढणीआड झाकला जातो. भूलतज्ज्ञापासून तो झाकू नये. लाजेखातर जिवाची जोखीम घेणे परवडणारे नाही.